टेबल न मांडलेला रविवार

आमच्या वस्तीला आशीर्वाद ठोकात मिळायचा.

तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारी, म्हणजे नवं वर्ष लागलेलं आणि संक्रांत तोंडावर आलेली असायची तेव्हा, फादर येरवड्यात यायचे. वर्षाच्या सुरुवातीला घरोघरी जाऊन घराला आशीर्वाद द्यायचा आणि दाराच्या चौकटीवर खडूने त्या तीन राजांच्या नावांची तीन इंग्रजी अक्षरं आणि वर्षाचा आकडा लिहायचा, अशी आम्हा कॅथलिकांची रीत आहे. तारा बघत बघत आलेले ते राजे जसे बाळ येशूच्या दारात पोचले तसे आपल्याही दारात यावेत आणि वर्षभर घर राखलं जावं, असा त्याचा अर्थ. पण घरोघरी म्हणजे नदीपलीकडच्या कॅम्पातल्या बंगल्यांत घरोघरी. आमच्या वस्तीत फादर बोळाच्या तोंडाशी थांबायचे. तिथे एक टेबल मांडलेलं असायचं, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर क्रूस आणि मेणबत्ती. बेचाळीस घरांची माणसं त्यासमोर उभी राहायची. एक प्रार्थना, पवित्र पाण्याचा एक शिडकावा, आणि मग दर घराला कागदाच्या पुडीत खडूचा एक तुकडा. "आपापल्या दारावर लिहून घ्या." वीस मिनिटांत बेचाळीस घरं उरकायची. फादरांना घेऊन आलेली गाडी तोवर सुरूच असायची.

ते टेबल माझं असायचं. चादरही माझ्याच घरची.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. कुठे बंगला पाडायला काढला की मी तिथे पोचतो, चौकटी, कवाडं, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, सगळं सौदा करून उचलतो, साफ करतो आणि विकतो. सुरुवातीला दुसऱ्याच्या फळ्या डोक्यावरून वाहिल्या. मग एक हातगाडी झाली, मग दोन, मग नदीकाठी पत्र्याची स्वतःची वखार. सागवान आणि त्याला सागवानी रंग फासलेलं दुसरं काही, यातला फरक मला नखाने कळतो. समोरचा माणूस किंमत सांगताना कुठे बघतो ते मी बघतो. कुणी मला फसवलं असं सहसा होत नाही, आणि झालंच तर मी ते विसरत नाही.

कॅम्पातल्या पाडलेल्या बंगल्यांच्या चौकटी हातात आल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपल्याला काय मिळत नाही. चौकटीच्या वरच्या पट्टीवर खडूची अक्षरं. एकाखाली एक, वर्षामागून वर्ष, फिकट होत गेलेली. सगळी एकाच वळणाची, शिकलेल्या हाताची. फादर तिथे जाऊन, खुर्चीवर चढून, लिहून आलेले होते. बंगल्यात बसून केक खाल्ला असेल, पोराबाळांची चौकशी केली असेल. आमच्या बोळातली अक्षरं मात्र ज्याची त्याने काढलेली. कुणाचं उलटं, कुणाचं अर्धं. ज्याला लिहिता येत नव्हतं तो नुसता क्रूस काढायचा. आमच्या दारावरची अक्षरं मी काढायचो आणि आई दरवर्षी एकच वाक्य म्हणायची, "तुझ्या हातचं हाय ते. फादरच्या हातचं न्हाई."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्याच्या आधीच्या दिवाळीत आई खाटेला खिळली. ससूनच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय असं सांगितलं आणि औषधं लिहून दिली. किती दिवस, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईने मात्र आपला हिशोब केला होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिने मला खाटेजवळ बसवलं.

"या खेपेला मला ती अक्षरं फादरच्या हातची पायजेत. फादरनं आत यायचं, घराला प्रार्थना करायची, मग लिवायचं. बंगल्यात करत्यात तसं."

"पुढच्या खेपेपासून बघतो मी."

"पुढलं मला ठाऊक न्हाई. या खेपेला."

दुसऱ्याच दिवशी मी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, कचेरीत गेलो. कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे मिलिटरीच्या हिशोबखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. बारा महिने टाय. घराण्याने गोव्याचे, जन्माने कॅम्पातले, आणि मराठी बोलताना सारखे 'मॅन' म्हणायचे. आशीर्वादाच्या फेरीचं वेळापत्रक तेच करायचे.

मी सरळ विषयाला हात घातला. "या खेपेला फादरांनी बोळात चालत यायचं. प्रत्येक दारात. मी देवळाच्या मागच्या दाराला नवी सागवानी चौकट बसवून देतो. एक पैसा घेणार नाही."

"किती घरं, मॅन?"

"बेचाळीस."

"पाच-पाच मिनिटं धरली तरी साडेतीन तास. फादर माणूस आहे ना."

"बंगल्यात अर्धा अर्धा तास बसतात, तेव्हा माणूस नसतात काय?"

"असं नको बोलू. दहा घरं करू. चिठ्ठ्या टाका."

"तीस."

"बारा. लास्ट."

"सेक्रेटरीसाहेब, मी दारं विकतो, सोडत काढत नाही. बाराला चिठ्ठी लागली तर बाकीच्या तीस जणांनी काय पाप केलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची मदर सीरियस आहे, मला माहीत आहे. मग एवढं कशाला? शुक्रवारी फादरला मी घेऊन येतो, आजाऱ्याच्या भेटीला. तुमच्या दारावर लिहितील. स्पेशल. कुणाला कळणार पण नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर मी कदाचित हो म्हणून बाहेर पडलो असतो.

"कळणार नाही म्हणजे? चोरीचा माल आहे का? बंगल्यात जाताना तोंड लपवून जातात का फादर? ठेवा तुमचं स्पेशल तुमच्यापाशी!"

मी इतक्या जोरात उठलो की त्यांची दौत कलंडली. बाहेर येऊन सायकलवर बसलो, आणि पूल ओलांडेपर्यंत मला वाटत होतं की मी काहीतरी जिंकलोय.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तू न्हाई म्हनलास? माझ्या दाराला?"

"आई, तो उपकार म्हणून देत होता."

"मग? मी उपकार घेत न्हाई? तू रोज मला उचलून बसवतोस, तुझी बायको माझी लुगडी धुती, त्याचं काय भाडं लावलंय का तुम्ही? तुला राग आला म्हणून माझं दार कोरं ऱ्हायचं? तुझा राग तुझ्या वखारीत ठेव. माझ्या खाटेखाली नको."

बायको चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती गप्प राहते तेव्हा ती आईच्या बाजूची असते.

परत जाऊन सेक्रेटरींना हो म्हणणं मला जमणारं नव्हतं. हा दोष आहे, मला ठाऊक आहे. धंद्यात मी एकदा सौद्यावरून उठलो की परत बसत नाही, आणि बहुतेक वेळा समोरचा मागे येतो. पण इथे समोरचा येणार नव्हता आणि आईपाशी वेळ नव्हता. दोन दिवस मी वखारीत गिऱ्हाइकांवर खेकसत बसलो. तिसऱ्या दिवशी एकाने टेबल मागितलं, विकत, आणि मी त्याला म्हटलं, "हे नाही देता येणार, हे सणाला लागतं." म्हणता म्हणता थांबलो. टेबलच नसेल तर फादर उभे कुठे राहतील?

त्या संध्याकाळी आईला सांगितलं. टेबल मांडायचं नाही. बोळाच्या तोंडाशी कुणी जमायचं नाही. प्रत्येकाने आपल्या दारात उभं राहायचं. फादरांना आशीर्वाद द्यायचा असेल तर चालावं लागेल.

आई म्हणाली, "आणि ते गाडीत बसून माघारी गेले तर?"

"तर दुसऱ्याच दिवशी जाऊन सेक्रेटरीच्या पाया पडेन."

"शप्पथ नको खाऊ. नुसतं हो म्हण."

"हो."

"मग कर."

वस्तीत हे पटवणं सोपं नव्हतं. आमच्या बोळात प्रार्थना सांगायला एक म्हातारे शिंपी होते, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर हो म्हणाले की बोळ हो म्हणतो.

"फादर रागावून गेले तर बेचाळीस घरं कोरडी राहतील," मास्तर म्हणाले. "तुझ्यामुळे."

"जाईल काय? शिडकावाच ना? तो नळावर घेऊ."

"बघ! हेच. हे तुझं तोंड." त्यांनी कात्री खाली ठेवली. "मी उभा राहतो. सगळ्यांना उभं करतो. एका अटीवर. रविवारी तू एक शब्द बोलायचा नाहीस. फादर आले की बोलणार मी. सेक्रेटरी काही बोलले तरी तू मुका."

"अख्खा रविवार?"

"फादर बोळात असेपर्यंत."

मी मास्तरांशी घासाघीस करून बघितली. निदान 'नमस्कार' तरी म्हणू द्या, म्हटलं. ते म्हणाले, "हात जोड की." एवढा वाईट सौदा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

आणखी एक अडचण होती, आणि ती फक्त माझ्या धंद्यातल्या माणसालाच दिसली असती. बोळातल्या सतरा घरांना चौकटच नव्हती. कुठे पत्रा दुमडून दार केलेलं, कुठे नुसता गोणपाटाचा पडदा. पत्र्यावर खडू उमटत नाही. फादर दारात आले आणि लिहायलाच जागा नाही, असं झालं असतं तर सेक्रेटरींना हसायला कारण मिळालं असतं. शनिवारी मी वखारीतल्या सागवानी तुकड्यांतून हातभर लांबीच्या सतरा पट्ट्या कापल्या, रंधा मारला आणि एकेका दारावर ठोकत फिरलो. एका म्हातारीने विचारलं, "हे काढून नेणार का नंतर?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "तू? फुकट?" आणि पट्टी हलवून बघितली.

रविवारी देवळातल्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर दहाच्या सुमाराला गाडी आली. फादर उतरले. हे फादर वसईकडचे, सहा महिन्यांपूर्वीच बदलून आलेले, उंच, चाळिशीच्या आतले. मागून सेक्रेटरी, एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्यात खडूच्या पुड्यांचा खोका. बोळाच्या तोंडाशी मास्तर आणि मी, दोघेच. आमच्या मागे मोकळी जमीन.

"टेबल कुठे आहे?" सेक्रेटरींनी मला विचारलं.

मी हात जोडले.

"टेबल कुठे आहे, मॅन? लोक कुठे आहेत?"

मास्तर पुढे झाले. "फादर, सगळे आपापल्या दारात उभे आहेत. तुमची वाट बघतायत."

फादरांनी बोळात डोकावलं. दोन्ही बाजूंना, दर दारात, धुतलेल्या कपड्यांत माणसं उभी होती.

"हे यांनी मुद्दाम केलंय, फादर," सेक्रेटरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "कचेरीत भांडून गेले होते. मी सांगतो, आपण इथूनच प्रार्थना करू आणि—"

मी इतके दात आवळून उभा होतो की कान दुखायला लागले.

फादर म्हणाले, "पण मला तर सांगितलं होतं की टेबल ही या वस्तीची रीत आहे. यांना एकत्र जमायला आवडतं म्हणून. टेबल, चादर, सगळं वस्तीच हौसेने मांडते असं ऐकलं होतं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. कारण ते खोटं नव्हतं. टेबल दरवर्षी मीच तर आणत होतो. पुसून, चादर इस्त्री करून. ज्याच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडली तो प्रकार माझ्याच टेबलावर उभा होता, आणि मी कधी एका फादरला तोंडाने सांगितलं नव्हतं की आत या. मला वाटायचं, त्यांना कळायला हवं.

"रीत नाही, फादर," मास्तर म्हणाले. "सवय."

फादरांनी खोक्यातून एक खडू काढला आणि ते बोळात शिरले.

प्रत्येक दारात ते वाकायचे, कारण आमची दारं बुटकी. आत जाऊन प्रार्थना, पाणी, मग बाहेर येऊन लिहिणं. पट्टीवर लिहिताना त्यांनी बोटाने लाकूड चाचपलं. "सागवान?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. घरोघरी काहीतरी पुढे यायचं, कुठे चहा, कुठे तिळाची वडी. पहिल्या तीन घरांत त्यांनी चहा घेतला आणि चौथ्यापासून नुसता घोट.

आठव्या घराशेजारी एक भाजीवाली राहायची, कॅथलिक नव्हती. तीही पदर नीट करून दारात उभी होती.

"हे घर नाही," सेक्रेटरी म्हणाले. "या हिंदू आहेत."

"मग?" ती म्हणाली. "राजे इतक्या लांबून चालत आले, एक दार जास्त झालं तर त्यांचे पाय दुखतील का?"

फादर हसले आणि तिच्या दारावर लिहिलं. ती म्हणाली, "जरा ठळक काढा," आणि त्यांनी खडू पुन्हा फिरवला.

बावीस घरं झाली तेव्हा पावणेबारा वाजले होते. बाराला देवळात लग्न होतं. सेक्रेटरींनी दोनदा घड्याळ दाखवलं आणि मग ते फादरांना म्हणाले, "आता शक्य नाही. राहिलेल्यांना खडू वाटून टाकू. एक करा. यांची मदर आजारी आहे, शेवटचं घर. तेवढं करू आणि निघू." मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

मध्ये एकोणीस घरं उरली होती. एकोणीस दारांत माणसं उभी होती आणि हे ऐकत होती. मास्तरांचं घर त्यातच होतं. कचेरीत मी ज्या गोष्टीवरून दौत सांडली होती तीच गोष्ट आता माझ्यापुढे आली होती, आणि या वेळी मी आईच्या खाटेचा विचार केला. अट मोडून मी तोंड उघडलं.

"चला, फादर. आईकडे."

आम्ही त्या एकोणीस दारांवरून गेलो. मास्तर त्यांच्या दारापाशी आले तसे थांबले आणि आमच्याबरोबर पुढे आले नाहीत.

आईला बायकोने उशीला टेकवून बसवलं होतं. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात रोजरीची माळ. फादर वाकून आत आले आणि तिने त्यांचे हात धरले. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"लवकर आले. मधली घरं झाली?"

मी तिच्या खाटेची चादर नीट करायला लागलो.

"किती ऱ्हायली?"

"एकोणीस," फादरच म्हणाले. "आजी, बाराला लग्न आहे. तुमच्याकडे करतो आणि—"

"मग माझ्याकडं कशापायी आले तुम्ही?" तिने हात सोडले. "ती लोकं सकाळपासनं उन्हात उभी हायेत. त्यांना टाकून माझं लिवलं तर मी उद्या त्यांच्याकडं पाणी कोणच्या तोंडानं मागू? जा, लग्न लावा. पोरगी खोळंबली आसंल. मग या. रांगेनं या."

"आई," मी म्हटलं, "आता आलेत तर—"

"तू गप. तुझा सौदा तू करून बसलायस. हा माझा हाय." आणि फादरांना म्हणाली, "मी कुठं पळून चाललेय?"

फादरांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "चार वाजता येतो."

"या."

ते गेले. गाडी गेली. खडूचा खोका सेक्रेटरींनी बरोबर नेला होता, आणि मला ते वाईट लक्षण वाटलं.

चार वाजेपर्यंतचे ते चार तास मला वखारीतल्या पहिल्या वर्षापेक्षा मोठे गेले. बोळातली माणसं दारातून आत जाऊन जेवून आली आणि परत उभी राहिली. एकजण जाता जाता म्हणाला, "शेठ, तुमच्या सौद्यात आमचा आशीर्वाद अडकला बरं का." मास्तर त्यांच्या उंबऱ्यावर बसून सदऱ्याला काजं करत होते, रविवार असूनही. मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"अट मोडलीस," ते म्हणाले.

"हो."

"तुझी आई नसती तर मी आज तुझ्याशी बोललो नसतो."

"माहीत आहे."

"ये बस," ते म्हणाले.

सव्वाचारला फादर आले. सायकलवर, एकटे, झग्याला लग्नाच्या अक्षता आणि रंगीत कागदाचे कण चिकटलेले. खडू खिशात होता. बादली आम्ही नळावर भरली आणि त्यांनी त्या पाण्यावर प्रार्थना म्हटली. मग तेविसाव्या घरापासून रांगेनं. या वेळी घड्याळ दाखवायला कुणी नव्हतं. मास्तरांकडे ते शिवणयंत्राजवळ बसलेही. मी बादली धरून मागे मागे होतो आणि मास्तरांनी मला बोलायची परवानगी दिली होती, पण बोलण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या घरी ते साडेपाचला पोचले. आईने विचारलं, "सगळी?"

"सगळी, आजी. एकूण त्रेचाळीस. एक वरकड."

बायकोने चहा दिला. तो पूर्ण प्यायले. आमचं घर म्हणजे दहा फूट बाय बारा, खाट ठेवली की उरलेल्या जागेत तिघांनी वळायचं. फादर इकडे तिकडे बघत म्हणाले, "आजी, दक्षिण अमेरिकेत उंच डोंगरांचा मुलूख आहे. आमचे एक फादर तिथं होते, ते सांगायचे. तिथले डोंगरातले लोक वर्षाच्या सुरुवातीला जत्रेतून मुठीएवढी घरं विकत आणतात. मुठीएवढी पोती, मुठीएवढ्या गाड्या. देवळापुढे नेऊन फादरांकडून पाणी शिंपडून घेतात. वर्षभरात खरं घर मिळतं म्हणतात."

आईने चार भिंतींकडे नजर फिरवली. "मग आमचं शिंपडा लवकर," ती म्हणाली. "हे मुठीएवढंच हाय."

फादर इतके हसले की त्यांना प्रार्थनेचं पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. मग उठले. घराला प्रार्थना म्हटली, आम्ही तिघांनी साथ दिली, आईचा आवाज सगळ्यांत वर. चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडलं. बाहेर जाऊन, टाचा न उचलता, त्यांनी चौकटीच्या वरच्या पट्टीवर लिहिलं. आईच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस केला आणि सायकल घेऊन गेले.

मी आत आलो. मला वाटलं होतं आई रडेल, किंवा डोळे मिटून पडेल. ती मान वाकडी करून दाराकडे बघत होती.

"मला दिसत न्हाई."

अक्षरं बाहेरच्या बाजूला होती आणि खाट आत. इतक्या दिवसांत हे माझ्या, दारांच्या व्यापाऱ्याच्या, डोक्यात आलं नव्हतं.

"खाट बाहेर काढतो," मी म्हटलं. खाट दारात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आई त्यावर बसलेली. "थांब, पाय कापतो खाटेचे," म्हणून मी करवत आणायला वळलो.

"अहो," बायको म्हणाली, "खुर्ची आणा मास्तरांची."

खुर्ची आली. आईला शालीत गुंडाळून खुर्चीत बसवलं आणि मास्तर, मी आणि दोन शेजारी, अशा चौघांनी ती बोळात आणून दारासमोर ठेवली. ऊन अजून पट्टीवर होतं. आईला वाचता येत नव्हतं. मी एकेका अक्षराखाली बोट धरत गेलो.

"हा पहिला राजा. हा दुसरा. हा तिसरा. हा वर्षाचा आकडा."

"दुसरा जरा बुटका वाटतोय."

"उभा असेल वाकून."

ती बराच वेळ बघत राहिली. शेजारच्या बायका येऊन उभ्या राहिल्या, भाजीवालीही. मी म्हटलं, "चल, गार वारा सुटलाय, आत नेतो."

"आत कशाला? उचला," आई म्हणाली. "शेजारणीचं दाखव. मग पुढलं."

आम्ही खुर्ची उचलली. एकेका दारापाशी टेकवायची, ती मान वर करून बघायची, घरातल्या माणसाला दोन शब्द बोलायची, मग पुढे. सतरा सागवानी पट्ट्यांपैकी एक तिला तिरकी ठोकलेली सापडली आणि ती उद्या सरळ करून द्यायचं तिने मला सगळ्यांसमोर बजावलं. मास्तर वाटेत दोनदा म्हणाले की त्यांचं वय झालंय. बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा चौघांचेही हात भरून आले होते. आम्ही खुर्ची खाली ठेवली आणि मनगटं चोळत उभे राहिलो.

"झालं?" मी विचारलं.

"अर्धं झालं," आई म्हणाली. "येताना उजव्या हाताची बघितली. आता फिरवा खुर्ची. समोरची ऱ्हायली."